दारावरची अक्षरं आणि धुण्याची पावडर

मी एक गाडी बोलतेय. चार दारांची, फिकट निळी, आता बरीच वापरलेली. माझी ओळख करून घ्यायची असेल तर समोरून बघू नका, समोरून माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. बाजूला या आणि दार वाचा. 'चुका. शिका. चालवा.' असं लिहिलंय. गडद तांबडी अक्षरं, त्यांना पिवळी कड. मग मागे जा. डिकीवर लिहिलंय, 'सांभाळून घ्या, आम्ही शिकतोय.'

ही अक्षरं हातानं लिहिलेली आहेत. ती आजही वाचता येतात याचं श्रेय एका पत्र्याच्या तुकड्याला, एका सलूनवाल्या काकांना आणि शॅम्पूच्या एका बाटलीला आहे. शिवाय घरातल्या तीन माणसांना. या सगळ्यांचे आभार मानायचे राहून गेलेत, म्हणून हे बोलणं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. रंगाच्या खोलीतली ऊब आठवते, आणि रंग वाळल्यावर कुणीतरी पांढरे हातमोजे घातलेल्या हातानं माझ्या टपावरून हात फिरवला होता, ते आठवतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मला तसा हात लागला नाही.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, एवढंच माझं जग. बाकीचा वेळ मी करड्या कापडाखाली उभी असायचे. त्यांनी मला कधी खरचटू दिलं नाही. माझ्याकडे कधी नीट बघितलंही नाही. मला विकायला काढली तेव्हा बघायला येणारे टायरला लाथ मारायचे, हॉर्न वाजवायचे आणि मान हलवायचे. एक बाई मात्र आल्या, दार उघडून आत बसल्या, डोळे मिटले आणि सावकाश क्लच दाबला. मग सोडला. परत दाबला. "हिचा क्लच समंजस आहे," त्या म्हणाल्या. त्याच माझ्या दुसऱ्या मालकीणबाई.

बाई गाडी चालवायला शिकवतात. मी आल्यावर गॅरेजवाल्यानं डाव्या बाजूला आणखी एक ब्रेक आणि आणखी एक क्लच बसवला. इतर गाड्यांना एकच चालक असतो. मला दोन आहेत, एक घाबरणारा आणि एक न घाबरणारा.

राहिला होता फक्त दारावरचा मजकूर, आणि तो घरातच लिहून होणार होता. बाईंचे यजमान पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. त्यांचा एक नेम होता. कुठल्याही पाटीवर ब्रश टेकवण्याआधी ते तेच काम एका पत्र्याच्या तुकड्यावर करून बघत. रंग कसा बसतो, कड किती जाड येते, वाळल्यावर काय होतं, सगळं आधी पत्र्यावर. गिऱ्हाईक घाई करू लागलं तर म्हणायचे, "दाराला खोडरबर नसतं."

माझ्यासाठी त्यांनी हातभर लांब पत्रा घेतला, त्याला माझ्याच निळ्या रंगाचे दोन हात दिले आणि त्यावर तिन्ही शब्द लिहून बघितले. दोन दिवस तो पत्रा वाळत होता. मग ते माझ्या दाराशी स्टूल टाकून बसले. डाव्या हाताच्या मुठीवर उजवं मनगट टेकवायचं, श्वास धरायचा आणि ब्रश ओढायचा. एकेका अक्षराला एक श्वास. शेजारी उपड्या बादलीवर त्यांची चार वर्षांची मुलगी बसली होती. ती दिवसभर एक शब्द बोलली नाही, पण नजर ब्रशवरून हटली नाही. तिचं नाव त्यांनी मुंगी ठेवलं होतं. घरात कुणाच्या पायात न येता सगळीकडे फिरायची म्हणून.

तो पत्रा नंतर त्यांनी घराच्या दाराच्या मागे खिळ्याला लावून ठेवला.

त्यानंतरची आठ वर्षं माझी मजेत गेली. किती पाय माझ्या क्लचवर पडले याची गणती नाही. एक शिक्षिका गियर बदलताना गियरची माफी मागायच्या. एक भाजीवाल्या मावशी वळताना स्वतःच अंग वळवायच्या, जणू मी त्यांच्या मागून येणार होते. मी हजारदा बंद पडले आणि हजारदा सुरू झाले. बाई कुणावर ओरडल्या नाहीत. फार झालं तर म्हणायच्या, "दारावर काय लिहिलंय? पहिला शब्द वाचा. झाला तो. आता दुसरा."

पण या वर्षांत घरात एक गोष्ट हळूहळू बदलत होती. यजमानांच्या हाताला कंप सुटला. आधी चहाचा कप बशीत किणकिणायचा, मग सही वेडीवाकडी येऊ लागली. औषधानं थोडा फरक पडला, ब्रश धरण्याइतका नाही. एके दिवशी त्यांनी सगळे ब्रश धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात आले. हातात बादली, खांद्यावर फडकं. "आजपासून गाडी मी धुणार," ते म्हणाले. "हात थरथरला तरी धुण्यात काय बिघडतं?"

बाई खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "बरंच झालं. माझी तेवढीच कंबर वाचली."

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. आठ वर्षांपूर्वी ज्या हातानं मला लिहिलं, तोच हात रोज सकाळी माझ्या अंगावरून फिरणार होता. ते बादलीत मूठभर धुण्याची पावडर टाकायचे, हात घालून फेस काढायचे आणि उजव्या दारापासून सुरुवात करायचे. फेस जितका जास्त, तितकं त्यांना समाधान. पांढराशुभ्र फेस दारावरून ओघळला की दोन पावलं मागे सरून ते बघत राहायचे. मग गोल गोल घासायचे. अक्षरांवर सगळ्यात जास्त.

ते पाणी मला चरचरायचं. वाळल्यावर अंग ओढल्यासारखं व्हायचं. पण कुणी मायेनं न्हाऊ घालत असताना डोळ्यात साबण गेला म्हणून कोण तक्रार करतं? गाडीला तर तोंडही नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग माझ्या वार्षिक तपासणीचा दिवस आला. तपासणीसाहेब माझ्याभोवती एक फेरी मारून उजव्या दाराशी थांबले. चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय लिहिलंय, बाई?"

"चुका, शिका, चालवा."

"तुम्ही सांगितलं म्हणून कळलं. शिकवणीच्या गाडीचा मजकूर दहा पावलांवरून वाचता आला पाहिजे. नियम आहे. दीड महिन्यानं पुन्हा आणा. तोवर नीट करून घ्या, नाहीतर मला शिक्का देता येणार नाही."

शिक्का नाही म्हणजे शिकवणी नाही. शिकवणी नाही म्हणजे या घराचं कसं चालायचं, हे मलाही कळत होतं. घरी आल्यावर बाई यजमानांना म्हणाल्या, "अहो, साहेब म्हणतात अक्षरं पुसट झालीत. उन्हानं असेल. तो स्टिकरवाला आहे ना चौकातला, त्याला सांगू का? तो जुनं खरवडून वर नवं चिकटवतो."

त्यांनी माझ्या उजव्या दारावरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, "सांग. मशीनची अक्षरं सरळ येतात."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काय केलं असेल? एका मुठीच्या दोन मुठी केल्या. जमेल तेवढी अक्षरं उजळावीत म्हणून ती जीव तोडून घासू लागले.

मुंगी आता चौदा वर्षांची होती. शाळेत बाकावर अशी बसायची, की हजेरी घेणाऱ्यालाही दोनदा बघावं लागे. घरात मात्र तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्या संध्याकाळी ती उपडी बादली घेऊन आली. आधी उजव्या दारासमोर बसली, मग बादली उचलून डाव्या दाराकडे गेली. डाव्या बाजूला जाळीचं कुंपण आहे, आणि माझ्या नि कुंपणाच्या मधे जेमतेम मुंगीएवढीच जागा. तिथे तिच्या बाबांना नीट उभं राहता यायचं नाही, म्हणून त्या दारावर ते नुसतंच पाणी मारायचे.

दुपारचं सगळं ऊन डाव्या दारावर येतं. उजवं दार पाण्याच्या टाकीच्या सावलीत असतं. आणि अक्षरं डाव्या दारावरची शाबूत होती, पिवळ्या कडेसकट. सावलीतली गेली होती.

मुंगीनं उजव्या दारावरून बोट फिरवलं. बोटावर पांढरट भुकटी आली. वाळत घातलेल्या फडक्याकडे बघितलं. फडक्यावर फिकट तांबडे डाग होते. मला वाटलं, आता उठून आत जाईल आणि सांगेल. पण ती गेली नाही. काय सांगणार होती? की बाबा, तुमची अक्षरं उन्हानं नाही पुसली, तुम्हीच पुसलीत?

दुसऱ्या दिवशी माझ्या स्टिअरिंगवर सलूनवाले काका होते. चौकापलीकडे त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. पन्नाशी उलटल्यावर शिकायला आलेले, गप्पांमध्ये पटाईत आणि ब्रेकवर तर त्यांचा फारच जीव. मुंगी मागे बसली होती, तिला शाळेत सोडायचं होतं.

मी गचकन थांबले.

"बाई, ब्रेक मी दाबला की तुम्ही?"

"दोघांनी. म्हणून तर अशी बसलीय रस्त्यात."

"समोर मांजर होतं हो."

"ते भिंतीवर होतं, काका."

मागून मुंगीचा आवाज आला. एवढासा. "काका, शॅम्पू चांगला कसा ओळखायचा?"

काकांनी आरशातून मागे बघितलं. "तुझ्या केसांसाठी?"

"गाडीसाठी. आम्ही धुण्याच्या पावडरनं धुतो."

"अरे देवा. डोक्याला कपड्याची पावडर?" काका रस्ता विसरले; बाईंनी हात लांबवून स्टिअरिंग सरळ केलं. "माझं एक जुनं गिऱ्हाईक होतं, कपड्याच्या साबणाच्या वडीनं डोकं धुवायचं. केस असे राठ, की कात्री रुसायची. अगं, मळ वेगळा आणि तेल वेगळं. कपड्याच्या साबणाला तेवढं कळत नाही, तो दोन्ही काढतो. गाडीच्या रंगालाही असंच अंगचं काहीतरी असणार."

"पण फेस खूप येतो."

"फेस?" काका हसले. "तुला धंद्यातलं सांगतो. फेस गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असतो. मी तर कितीदा नुसता देखाव्यापुरता काढतो. चांगला शॅम्पू कुठला, तर धुऊन झाल्यावर केस आपलेच वाटले पाहिजेत. कोरडे नाही, चिकट नाही. आपले."

काका सलूनपाशी उतरले. बाईंनी मला लगेच हलवलं नाही.

"कधी कळलं तुला?"

"काल. डावं दार बघून."

"बाबांना बोललीस?"

"नाही."

"नको बोलूस. मी बोलते."

पण बाई तीन दिवस बोलल्या नाहीत. दिवसभर परक्या माणसांना न घाबरता 'चुकलं' म्हणणाऱ्या बाई. सकाळी खिडकीशी यायच्या, यजमान फेसात हात बुडवून उभे असायचे, आणि बाई म्हणायच्या, "चहा निवतोय हं." एवढंच.

शेवटी वाट काढली ती मुंगीनं. आधी तिला शाळेतून लिटमसचे कागद हवे होते. सरांकडे मागायचे म्हणजे तिच्यासाठी डोंगर चढणं. माझ्या मागच्या सीटवर बसून तिनं ते वाक्य सात वेळा म्हणून बघितलं, "सर, मला लिटमसचे थोडे कागद मिळतील का?" सातव्यांदा आवाज कापला नाही. दुपारी परत आली तेव्हा वहीत लाल कागदांची पुडी होती.

मग ती बाबांबरोबर सुट्या भागांच्या दुकानात गेली. मी बाहेर उभी होते. दुकानदारानं चार बाटल्या फळीवर मांडल्या.

"ही घ्या. ट्रकवाले हीच नेतात. ग्रीस असो की काही असो, सगळं उतरवते."

"सगळं?" मुंगीनं विचारलं.

"सगळं."

ती बाटली तिनं बाजूला ठेवली, पण परत दिली नाही. दुसरीला गुलाबाचा वास होता. मुंगीनं तिचा थेंब काचेवर पुसून वाळू दिला. बोट चिकटलं. परत. तिसरीवर चमकच चमक लिहिलं होतं, पण किती पाण्यात किती घालायची ते कुठेच नव्हतं. तीही परत. चौथी अगदी साधी, पाणचट पिवळी. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की रंगाला सौम्य आहे, आणि बादलीला एक झाकण पुरे.

"हिला फेस कमी येतो," दुकानदार म्हणाला. "लोक नाराज होतात."

बाबा म्हणाले, "मुंगे, कशाला हे सगळं? आपली पावडर आहे की."

मुंगी जमिनीकडे बघत म्हणाली, "पावडरही घेऊ ना त्यात. तिन्ही पत्र्यावर करून बघू. रंगाचं तुम्हालाच कळतं."

बाबांनी दोन्ही बाटल्यांचे पैसे दिले. हा नेम त्यांचाच होता, त्याला नाही कसं म्हणणार?

दाराच्या मागचा पत्रा खिळ्यावरून उतरला. पत्र्यावर तीन शब्द होते आणि साबणही तीन. मधे चिकटपट्टी लावून तीन घरं केली. अंगणातल्या टेबलावर तीन वाट्यांत तिन्ही साबण पाण्यात कालवले. लाल लिटमस बुडवला. पावडरच्या पाण्यात कागद क्षणात निळा झाला. ट्रकवाल्या बाटलीतही निळा झाला. साध्या पिवळ्या शॅम्पूत लालच राहिला.

"निळा म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"आम्लारी. कपड्याच्या सोड्यासारखं."

"हं," बाबा म्हणाले. पावडर 'चुका'वर, ट्रकवाली 'शिका'वर, साधा शॅम्पू 'चालवा'वर, असं त्यांनीच ठरवलं. आणि तीन आठवडे रोज सकाळी, मला धुण्याआधी, प्रत्येक शब्द वेगळ्या फडक्यानं पन्नास-पन्नास वेळा घासला. मुंगी मोजायची. मला तेवढे दिवस तिनं साध्या पाण्यावरच ठेवायला सांगितलं होतं, "प्रयोग संपेपर्यंत फक्त." बाबांनी ऐकलं.

एकविसाव्या दिवशी चिकटपट्ट्या काढल्या. बाई वर्ग सोडून आल्या होत्या. सलूनवाले काका त्यांचीच वेळ होती म्हणून आले होते. तीन फडकी दोरीवर वाळत होती. ट्रकवाल्या बाटलीचं फडकं तांबडं झालं होतं, पावडरचंही तांबडं. तिसरं नुसतं मळकं. पत्र्यावर 'शिका'ची पिवळी कड अर्धी गेली होती. 'चुका' फिकट, पांढुरक्या सायीखाली झाकल्यासारखा. 'चालवा' मात्र दहा वर्षांपूर्वी लिहिला तसा होता.

बाबांनी पत्रा उचलला. हात थरथरत होता, त्यामुळे पत्र्याचा बारीक आवाज येत होता. ते माझ्या उजव्या दाराशी आले आणि पत्रा दारावरच्या शब्दाशेजारी धरला. चुका आणि चुका. दोन्ही सारखेच फिके.

"आयुष्यभर सगळं पत्र्यावर करून बघितलं," ते म्हणाले. "एक साबण तेवढा बघितला नाही."

पत्रा टेबलावर ठेवून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्यावर धूळ बसली. काकांनी बाहेर उभं राहून विचारलं, "बाई, मी पुसून घेऊ का जरा?" बाई म्हणाल्या, "राहू दे. गाडी धुण्याचं काम यांचं आहे." हे त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या, आत ऐकू जाईल असं.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. रंग जाण्याचं मला तेवढं दुःख नव्हतं. तो हात परत फिरणार की नाही, याची धास्ती होती. मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं, की त्या दोन वर्षांतली एकही सकाळ मला परत द्यायची नाही.

चौथ्या दिवशी घराचं दार उघडलं. बाबा बाहेर आले. मागे मुंगी, दोन हातांत दोन बादल्या. बाबांनी बाटलीचं झाकण उघडून त्यात शॅम्पू ओतायला घेतला. अर्धा बाहेर सांडला. ते थांबले, बाटली मुंगीच्या हातात दिली.

"माप तू घाल. धुणार मी."

"बरं."

"आणि ऊन यायच्या आत. तापलेल्या पत्र्यावर नाही."

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट अंघोळ घातली गेली. आधी नुसतं पाणी, धूळ वाहून जाईपर्यंत. मग एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ फडकं शॅम्पूत बुडवायचं, वरून खाली न्यायचं, मग साध्या पाण्यात खळबळायचं, म्हणजे वाळूचा कण परत अंगावर येत नाही. गोल गोल घासणं बंद. फेस बेताचाच होता. बाबा सवयीनं दोन पावलं मागे सरले, काही बघायला मिळालं नाही, आणि स्वतःशीच हसले. मग कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. अंग ओढलं नाही, चिकटलंही नाही. मी माझीच मला वाटले.

आठवडाभरात माझ्यावरची पांढरी साय उतरली. तिच्याखाली अक्षरं होती. सगळी नाही. उजव्या दारावरची पिवळी कड कायमची गेली ती गेलीच. पण तांबडा रंग, मेणाचा एक हात मिळाल्यावर, पुन्हा तांबडा दिसू लागला. स्टिकरवाला मशीनची अक्षरं घेऊन दारात आला, तेव्हा बाई म्हणाल्या, "दोन दिवस थांबा. साहेबांना दाखवून येते."

साहेबांनी दहा पावलं मोजली. आम्ही सगळे आलो होतो. बाबा माझ्या बॉनेटला हात टेकून उभे होते, आणि तो हात थरथरत होता हे मला आतपर्यंत जाणवत होतं. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"चुका. शिका. चालवा." मग डाव्या बाजूला गेले, परत आले. "एकीकडे कड आहे, एकीकडे नाही."

बाई म्हणाल्या, "हो. पण वाचता येतंय."

"वाचता येतंय. कुणी लिहिलंय?"

कुणी बोलायच्या आत, कधीच आधी न बोलणारी मुंगी म्हणाली, "माझ्या बाबांनी."

साहेबांनी शिक्का दिला. स्टिकरवाल्याची अक्षरंही वाया गेली नाहीत. त्यातली दोन काकांनी नेली आणि सलूनच्या आरशावर चिकटवली. तिथे आता लिहिलंय, 'शिका.' कात्री शिकायला आलेल्यांनी घाबरू नये म्हणून, असं ते सांगतात. काकांना परवानाही मिळाला, तिसऱ्या खेपेला. मांजर दिसलं की ते अजून थांबतात.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. माझं इंजिन सकाळी थोडं खोकतं. उजव्या दाराचा खटका दोनदा दाबावा लागतो. बाबांचा हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो, त्यामुळे मला धुवायला पाऊण तासाचा दीड तास लागतो. मला कुठे घाई आहे? तो पत्रा परत दाराच्या मागे गेला आहे, आणि तीन शब्दांच्या खाली बाबांनी पेन्सिलीनं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, त्या साध्या पिवळ्या शॅम्पूचं माप लिहून ठेवलंय. बादलीला एक झाकण.

तुमच्या घरी गाडी असेल तर तिच्यासाठी एवढं करा. बाटली फेसावरून निवडू नका. आधी एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यावर करून बघा, आणि धुऊन वाळल्यावर हात फिरवा. आणि ती रोज धुणारं कुणी घरात असेल, तर त्याच्या हातून काही चुकलं तरी काम काढून घेऊ नका. माप तेवढं तुम्ही घाला.

आज सकाळी माझ्या क्लचवर एक नवा पाय पडला. हलका, जपून टाकलेला. मुंगी अठराची झाली. डावीकडे बाई आहेत, मागच्या सीटवर बाबा, आणि माझं अंग अजून ओलं आहे.

"आरसा बघितलास?" बाई विचारतात.

"बघितला."

"मग सोड हळूहळू."

मी गचका खाऊन बंद पडते. मागून बाबा म्हणतात, "पहिला शब्द झाला." ती हसते आणि पुन्हा किल्ली फिरवते.

आम्ही रस्त्यावर येतोय. तुम्ही मागून येत असाल तर माझ्या डिकीवर काय लिहिलंय ते वाचा. अक्षरं स्पष्ट आहेत.